चित्रात माणूस आहे का?

बोरी अरबच्या शिवारात एक जुनी दगडी विहीर आहे. मोट जाऊन जमाना झाला, थारोळ्यात तरोटा माजलाय, पण आतल्या कपारींतली पारव्यांची वस्ती हललेली नाही. सातवीतला एक पोरगा त्या पारव्यांच्या मागे लागलेला असे. खिशात गोटे, हातात गुलेर. एक दिवस तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "सर, ते पारवे मले वयखतेत. बाकीचे पोट्टे गेले त बसून राह्यतेत, अन् मी दिसलो का भुर्र." मी मास्तरकीच्या सवयीनं सांगितलं की तुझा लाल सदरा त्यांच्या ध्यानात राहिला असेल. पोरगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मंग सदरा बदलून पाहू का?"

हाच सदरा पॅरिसमध्ये बदलून पाहिलेला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास. एका बागेत दोन संशोधक दाणे घेऊन जात. दोघांची अंगकाठी सारखी, कातडीचा रंग सारखा, फरक फक्त अंगातल्या कोटाच्या रंगाचा. एक जण दाणे टाकून गप्प उभा राही. दुसराही दाणे टाकी, पण कबुतरं जवळ आली की हुसकावून लावी. थोड्याच दिवसांत कबुतरं त्या दुसऱ्याला टाळू लागली. मग दोघांनी कोटांची अदलाबदल केली. कबुतरं फसली नाहीत. हुसकावणारा कोणत्याही कोटात आला तरी ती त्याच्यापासून लांब राहिली आणि शांत माणसाच्या पायाशी टिपत राहिली. ही काही प्रयोगशाळेत शिकवून तयार केलेली पाखरं नव्हती. रस्त्यावरची, कुणाच्याही वळचणीला राहणारी कबुतरं होती.

आता यवतमाळहून दारव्ह्याकडे येणाऱ्या एसटीत बसा. शेजारचा माणूस पाच मिनिटांत विचारतो, "कोन्या गावचे?" नंतर विचारतो आडनाव. आडनावावरून उलगडा झाला नाही तर तिसरा प्रश्न येतो, तो जरा खालच्या आवाजात: "म्हंजे कोन?" माझ्या तोंडाकडे तो तोवर पाहतच नसतो. त्याला माझा कोट हवा असतो. कोट कळला की तो सैल होऊन बसतो किंवा खिडकीकडे सरकतो. हा तिसरा प्रश्न मी चाळीस वर्षं ऐकतो आहे, आणि खरं सांगायचं तर दोन-चार वेळा मीही तो विचारलेला आहे.

पारवे, तितर धरण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नाही, ते फासेपारधी आमच्याच जिल्ह्यात बेड्यांवर, म्हणजे आपल्या वस्त्यांवर, राहतात. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अशा जमातींच्या पोरांना पाळण्यातच गुन्हेगाराचा कोट शिवून दिला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कागदावरून उतरला. गावात कुणाची बकरी हरवली तर पहिलं बोट आजही बेड्याकडेच जातं. बकरी कुणी नेली हे पाहायला चेहरा पाहावा लागतो, तेवढी फुरसत गावाला नाही.

बोरी अरबच्या त्या विहिरीवरून आणखी एक आठवलं. पारवा विहिरीत राहतो, तिथंच अंडी घालतो, तिथंच त्याची विष्ठा पाण्यात पडते. त्यानं विहीर बाटल्याचं मी कधी ऐकलं नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तर तळं बाटलं म्हणून लोकांनी पंचगव्य ओतून त्याची शुद्धी केली. जुनी गोष्ट झाली, असं कुणी म्हणेल. शेजारच्या वाशिम जिल्ह्यात कळंबेश्वर नावाचं गाव आहे. २०१६ च्या दुष्काळात तिथल्या एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. तो माणूस कुणाशी भांडला नाही. मालेगावहून अवजारं आणली, मजुरी सांभाळून रोज काही तास खणत राहिला आणि चाळीस दिवसांत स्वतःची विहीर काढली. खणताना गाव त्याला हसत होतं. पाणी लागल्यावर वर्तमानपत्रांचे लोक आले, पुढारी आले, सत्कार झाले. पण ज्यांनी त्याच्या बायकोला अडवलं त्यांची नावं त्या बातम्यांनी कितीशी लावून धरली? सत्कार करणं सोपं असतं. शालीत माणूस गुंडाळला की प्रश्नही गुंडाळला जातो.

या वऱ्हाडानं गाडगेबाबा पाहिले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १८७६ सालचा जन्म, परीट समाजातले. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. सकाळी गावात शिरले की कोणी भिकारी म्हणे, कोणी येडा. कुत्री अंगावर जात. संध्याकाळी कीर्तनाला तेच गाव मांडी घालून बसे आणि त्याच पायांवर डोकं ठेवायला धावे. बाबा पायाला हात लावू देत नसत हा भाग वेगळा. सकाळचा आणि संध्याकाळचा माणूस एकच होता, चिंध्याही त्याच होत्या. मधल्या काळात बदललं होतं ते एवढंच, की गावाला त्याचं नाव कळलं होतं. बाबांनी आपला कोट मुद्दाम फाटका ठेवला असावा असं मला वाटतं. गावाची परीक्षाच होती ती, आणि रोज सकाळी गाव नापास होत होतं.

आता घरातलं सांगतो, कारण सगळ्यात क्रूर अदलाबदल घरात होते. आमच्या गल्लीतली एक बाई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आधी तिला बोलावत. तिच्या हातचे तिळाचे लाडू वाखाणत, गाणी म्हणायला तिला पुढं बसवत. एका खरिपात तिचा नवरा गेला. कसा गेला ते आमच्या जिल्ह्यात वेगळं सांगावं लागत नाही. दहाव्याला चार शहाण्या बायकांनी मिळून तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, पायातली जोडवी ओढून काढली. एक जोडवं निघत नव्हतं, बोट सुजलेलं होतं, म्हणून साबण लावला. मी ओसरीत पुरुषांत बसलो होतो आणि मला ती साबणाच्या पाण्याची वाटी नेताना दिसली. मी उठलो नाही. पुढच्या संक्रांतीला ती आपल्याच दारात उभी होती आणि वाण घेऊन जाणाऱ्या बायका नजर खाली घालून तिच्यासमोरून गेल्या. चेहरा तोच, गळा तोच, लाडूचा हात तोच. फक्त कोट काढून घेतलेला.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ठराव वाचून दाखवणाऱ्या सभा मी पाहिल्या आहेत. टाळ्या वाजवणारे हात मला ओळखीचे वाटले. साबण त्यांनीच आणून दिला होता.

इथं मला अमेरिकेतल्या एका प्रयोगाकडे जायला हवं, कारण या लेखाचं नाव तिथून आलं आहे. १९६४ साली हार्वर्ड विद्यापीठात हर्नस्टाइन आणि लव्हलँड या दोघांनी कबुतरांना फोटो दाखवून केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. फोटो कुठलेही: रान, रस्ते, पाणी, शेतं, घरं. काहींत माणूस, काहींत नाही. माणूस असेल तर समोरच्या बटणावर चोच मारायची, दाणा मिळेल. नसेल तर मारायची नाही. बाराशेवर फोटो होते. फोटोतला माणूस कुठं कोपऱ्यात, कुठं झाडाआड अर्धा. कधी कपड्यांत, कधी उघडा. कधी बाई, कधी लेकरू. बसलेला, उभा, आडवा पडलेला. गोरा, काळा, पिवळा. कबुतरं शिकली. पूर्वी कधी न पाहिलेल्या फोटोतलाही माणूस ती हुडकू लागली. कपडे आणि कातडी बाजूला सारून माणूस तेवढा वेचायचा, हे जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या लाभापोटी एका पाखराला जमलं.

आमच्याकडेही निवड होते. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की कागद तयार होतात, तलाठी येतो, पोलीस पंचनामा होतो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं जातं. समितीपुढं दोन खोके असतात: पात्र आणि अपात्र. जमीन कुणाच्या नावावर? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं? वसुलीचा तगादा होता का? उत्तरं जुळली तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. सातबारा बापाच्या किंवा भावाच्या नावावर आहे की नाही यावर खल चालतो. शेत ठोक्यानं केलेलं होतं आणि कागद नव्हता, तर अपात्र. मेव्हण्याकडून हातउसने घेतले होते, तर अपात्र. बाईनं जीव दिला आणि जन्मभर निंदण-खुरपण करूनही सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलंच नव्हतं, तर ती शेतकरी होती हेच आधी सिद्ध करायचं. पैसा सरकारचा आहे, त्याला नियम हवेत, हे मला कळतं. पण 'अपात्र' हा शिक्का मदतीच्या अर्जावर मारलेला असतो आणि गाव तो मेलेल्याच्या कपाळावर वाचतं. "दारू पेत होता म्हनते," एवढं कुणी बोललं की सुटले सगळे. कबुतराला एकच प्रश्न विचारला होता, चित्रात माणूस आहे का? आपल्या खोक्यांवर तो प्रश्नच लिहिलेला नाही.

आणि २०१७ चा खरीप. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळीच्या धास्तीनं फवारणीवर फवारणी, आणि पंप पाठीवर घेतलेली माणसं यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात रांगेनं येऊ लागली. उलट्या, दम, आणि डोळ्यांपुढं अंधार. कितीतरी जणांना काही दिवस धड दिसत नव्हतं. जिल्ह्यात विसांहून अधिक माणसं गेली, शेकडो बाधित झाली. पुष्कळ जण तर दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारे. त्या वेळी वरून आलेलं पहिलं स्पष्टीकरण काय होतं, आठवतं? त्यांनी संरक्षक पोशाख घातला नव्हता. मरणातही विचारलं ते हेच की कोट कुठं आहे! ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत, रोजंदारीच्या माणसाला तो पोशाख कोण देणार होता, आणि दिला असता तरी तो घालून तासभर कोण टिकला असता, हे विचारायला शेतात उतरावं लागतं.

त्या फोटोंच्या प्रयोगाला जोडून एक कडू गोष्ट. तो हर्नस्टाइन. ज्यानं पाखरांना सगळ्या रंगांचा माणूस एक म्हणून पाहायला शिकवलं, त्यानंच तीस वर्षांनी, १९९४ साली, चार्ल्स मरे यांच्याबरोबर 'द बेल कर्व्ह' नावाचं पुस्तक लिहिलं. बुद्ध्यांकाच्या आकड्यांवरून समाजाची आणि वंशांची उतरंड त्यात मांडली आहे असा आरोप त्यावर झाला आणि जगभर वाद पेटला. पुस्तक बाहेर येण्याच्या सुमारासच तो वारला. कबुतरं शिकली ते मास्तराच्या हाती राहिलं नाही. मी शिक्षक होतो, मला याचं फारसं नवल वाटत नाही.

नजरेचं झालं, आता आठवणीचं. १९८४ साली वॉन आणि ग्रीन यांनी दाखवलं की कबुतर ३२० चित्रांची चांगली-वाईट अशी विभागणी लक्षात ठेवतं आणि दोन वर्षांनंतरही ती बरीचशी शाबूत असते. २००६ मध्ये फागो आणि कुक यांनी वर्षानुवर्षं चाललेल्या प्रयोगातून हा आकडा आठशे ते बाराशे चित्रांपर्यंत नेला. मेंदू केवढा, तर शेंगदाण्यापेक्षा थोडा मोठा. आम्ही बियाणं विकणाऱ्या दलालाकडून एका साली फसतो. पीक उगवत नाही, पंचायतीसमोर बोंब होते. तोच इसम दोन वर्षांनी दुसऱ्या पाकिटाचं बियाणं घेऊन येतो, या वेळी कपाळाला टिळा किंवा खिशात पक्षाचं कार्ड, आणि आम्ही त्याला खाटेवर बसवून चहा पाजतो. पुढाऱ्यांचं तर बोलूच नका. ते गळ्यातलं उपरणं बदलतात तेव्हा निदान आरशात तरी पाहत असतील. आम्ही तेवढंही पाहत नाही.

१९ मार्च १९८६ ला याच यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पवनारजवळ बायको आणि चार लेकरांसह आयुष्य संपवलं. शेतकरी म्हणून जगणं अशक्य झालंय, असं लिहून ठेवलं. २०१७ पासून काही लोक त्या दिवशी अन्नत्याग करतात. निवृत्त होण्याच्या वर्षी मी दहावीच्या वर्गात ते नाव फळ्यावर लिहिलं. एकही हात वर झाला नाही. मग मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन तेच नाव विचारलं. तिथं दोन हात वर झाले. त्यातला एक शिपायाचा होता.

पारव्याची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्यालाही अंधश्रद्धा असते. १९४८ साली स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांना पेटीत ठेवून ठरावीक वेळानं आपोआप दाणा टाकला, पाखरू काही करो वा न करो. आठांपैकी सहा कबुतरांनी आपापलं कर्मकांड उभं केलं. एक डावीकडून गिरक्या घेऊ लागलं, एक कोपऱ्यात मान खुपसू लागलं, दोन घड्याळाच्या लंबकासारखी डुलू लागली. दाणा आपल्या गिरकीमुळेच पडतो अशी जणू त्याची समजूत. पाऊस लांबला की बेडकांचं लग्न लावणाऱ्या आम्हाला यात घरच्यासारखं वाटावं. पण त्या पाखरानं गिरकीचा पंथ काढला नाही. न फिरणाऱ्या शेजाऱ्याला वाळीत टाकलं नाही. माणसाला त्यासाठी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. आणि २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेनं ताडपत्री टाकली आणि ६ तारखेला जमावानं ती फाडली. आठवडाभर सगळं राज्य कबुतरांवर बोलत होतं. दाण्याचं पुण्य एका बाजूला, विष्ठेच्या धुळीनं होणारा फुप्फुसांचा आजार दुसऱ्या बाजूला. शहरात दाणे टाकू नयेत याच मताचा मी आहे. आयतं खाणं घालून वाढवलेली गर्दी पाखरालाही सुखाची नसते. पण त्या गदारोळात मी बातम्या पाहत एकच गोष्ट शोधत होतो. ती जागा रोज पहाटे झाडतो कोण? त्या धुळीतला पहिला श्वास घेतो कोण? माझ्या पाहण्यात तरी एकाही कॅमेऱ्यानं त्याच्या तोंडापुढं माइक धरला नाही. दोन्ही बाजूंना कबुतर दिसलं, खराटा धरणारा हात दिसला नाही. आणि तो पसाभर जोंधळा कुणाच्या शेतातला, हे विचारणं तर लांबच.

पोरानं सदरा बदलला. मित्राचा पांढरा शर्ट घालून तो विहिरीकडं गेला आणि त्याचा लाल सदरा घालून मित्र त्याच्या मागून, वीस पावलं अंतर ठेवून. मी निंबाखाली उभा होतो. पांढऱ्या शर्टातला काठाशी पोचायच्या आत सगळा थवा उठला, एक घिरटी मारून समोरच्या पळाटीवरून लांब गेला. अर्ध्या तासानं पारवे परतले. तेव्हा पोरगा माझ्याजवळ येऊन बसला होता आणि लाल सदऱ्यातला मित्र विहिरीत पाय सोडून बसला होता. त्याच्या डोक्यावरून ते खुशाल कपारीत शिरले.

"म्हंजे मी कायबी घातलं तरी वयखनारच," पोरगा म्हणाला. गुलेर त्यानं खिशात घातली.

दुसऱ्या दिवसापासून तो मूठभर जोंधळा नेऊन काठावर ठेवतो आणि निंबापर्यंत मागं येऊन बसतो. दाणे संपतात, पण तो उठून गेल्यावर. आज एकोणिसावा दिवस. काल एक पारवा तो बसलेला असतानाच काठावर उतरला, मानेला झटके देत एका डोळ्यानं त्याच्याकडं बराच वेळ पाहत राहिला, आणि दाण्याला चोच न लावता पुन्हा आत गेला.